पोकळ फळी, पांढरे पाय

धाकट्या मिस्त्रीला त्या सकाळी दात घासतानासुद्धा एका जागी उभं राहवत नव्हतं. ब्रश तोंडात धरून तो दारापासून नळापर्यंत आणि नळापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होता. स्लॅब भरायच्या दिवशी त्याचं असं व्हायचंच, पण आज जरा जास्तच. वय पस्तिशीला टेकलं होतं, हाताखाली चौदा सुतार होते, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला जाऊन तीन वर्षं झाली होती. पण माणूस गेला म्हणून नातं थोडंच एक पायरी वर सरकतं?

नळाखाली त्याची पुतणी बसली होती, थोरल्याची आठ वर्षांची मुलगी. अंगात शाळेचा गणवेश, मोजे बाजूला काढलेले, आणि हातात एक खरखरीत दगड. ती टाच घासत होती. घासायची, पाणी ओतायची, निरखून बघायची, पुन्हा घासायची. टाच लालभडक झाली होती.

"अगं, किती घासशील? रक्त येईल."

"आजी म्हणते, माझे पाय आईवर गेलेत," ती मान वर न करता म्हणाली. मग एकदम थांबून तिनं विचारलं, "काका, घासून जातं का हो ते?"

धाकट्याच्या तोंडात फेस होता. बरं झालं. नाहीतर उत्तर द्यावं लागलं असतं.

घरात आई ठेवणीतले कपडे घालून कधीची तयार बसली होती. या ठेकेदाराच्या कामावर एक रीत पडून गेली होती. स्लॅबचं पहिलं घमेलं मिस्त्रीच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातून पडायचं, आणि त्या वेळी कुणाही विधवेची सावली शटरिंगवर, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्यांच्या साच्यावर, पडता कामा नये. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती, म्हणूनच मोडताही येत नव्हती. एरवी वहिनी, थोरल्याची बायको, त्याच कामावर रोज राबायची. प्लायच्या फळ्यांवरचं चिकटलेलं सिमेंट खरवडायची, खिळे उपटायची, तेलाचा हात फिरवून फळ्या रचून ठेवायची. चालायचं. पण स्लॅबच्या दिवशी तिनं फाटकाबाहेर दगडावर बसून राहायचं. ती पांढऱ्या पायाची ना!

"तू आज घरीच थांब," आई सुनेला म्हणाली. "फाटकाबाहेरसुद्धा नको. मला उगाच धाकधूक नको."

वहिनी डबे भरत होती. तिनं धाकट्याकडे एकदाच पाहिलं. "भाऊजी, त्या फळ्या काढल्या का?"

"कोणत्या?" धाकट्यानं विचारलं. कोणत्या ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

*

चार दिवसांपूर्वी मुकादमानं ट्रकभर फळ्या आणून टाकल्या होत्या. काळ्याशार, चकचकीत, कडांना ताजा लाल रंग. शाळेच्या इमारतीचा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता आणि जुन्या फळ्या पुरत नव्हत्या. मुकादम खूश होता. "बघ धाकट्या, नवरीसारख्या आहेत! त्या तुझ्या म्हाताऱ्या फळ्या आता जळणात घाल."

वहिनी जवळच खरवडत बसली होती. ती उठली, हात पुसले, आणि एका नव्या फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत गेली. मग हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. एका टोकाला टणटणीत आवाज आला. मध्यावर येताच आवाज बसला, जाड गोधडीवर थाप मारावी तसा.

"भाऊजी, ह्या वरून नव्या आहेत," ती हळूच म्हणाली. "आतून गेलेल्या. कुणीतरी पावसात पडलेल्या उचलल्यात आणि रंग मारलाय."

"सगळ्या?"

"सगळ्या नाही. ठोकून ठोकून निवडाव्या लागतील. आणि ह्या जुन्या टाकू नका बरं." तिनं जुन्या ढिगातली एक फळी ओढून आडवी केली. तिच्यावर ओरखडेच ओरखडे होते, रंग उडून गेलेला, खिळ्यांची भोकं बुजवलेली, एक कोपरा किंचित झिजलेला. "ही बघा. दिसायला भिकारीण. पण कड कुठं फुगलेली नाही, सपाट बसते, आवाज एकसारखा आहे. ओरखडा म्हणजे वापर, भाऊजी. सिमेंटचा डाग म्हणजे वापर. रंग उडाला तरी वापरच. पण कड फुगली, पोटात फोड आला, थर सुटले, बोटानं दाबल्यावर दबली, की मग ती फळी नाही, पुठ्ठा आहे."

धाकट्याला हे सगळं येत होतं. थोरल्यानंच दोघांना शिकवलं होतं. भावाला मुद्दाम शेजारी उभं करून, आणि बायकोला येताजाता, ती डबा घेऊन आली की गप्पा मारता मारता. गंमत अशी की ज्याला मुद्दाम शिकवलं तो विसरायला बघत होता.

मुकादम लांबून ओरडला, "काय ग, फळ्यांची नाडी बघतेस होय? वैद्यीण झालीस का?" आजूबाजूचे दोघंतिघं खिदळले.

धाकटाही हसला. थोडंसंच, पण हसला. आणि फळ्या वर चढल्या. चार दिवसांत त्यांच्यावर सळयांची जाळी बांधून झाली. आदल्या दुपारी सगळं शटरिंग पाण्यानं धुतलं गेलं.

*

साइटवर पोचेपर्यंत काँक्रीटच्या दोन गाड्या येऊन उभ्या होत्या. त्यांची पोटं गरगर फिरत होती. पंपाची नळी वर नेलेली. आई नव्या घमेल्याजवळ, रॅम्पच्या तोंडाशी सावलीत बसली. धाकटा सळयांवरून उड्या टाकत या टोकाचा त्या टोकाला जात होता, टेकूंची चौकशी करत होता, ज्याला त्याला एकच गोष्ट दोनदोनदा सांगत होता. एका सुतारानं विचारलंसुद्धा, "मिस्त्री, काही चावलं का?"

तेवढ्यात पायाखालून आवाज आला.

टण. टण. टण. भद.

धाकटा जागच्या जागी थबकला. आवाज कानांपेक्षा तळपायांतून वर चढला. खाली, टेकूंच्या जंगलात, कुणीतरी फळ्या ठोकत चाललं होतं.

टण. टण. भद. भद.

"कोण आहे रे खाली?" मुकादम वाकून ओरडला.

शिडीवरून आधी एक लाकडी हातोडी वर आली, मग धुळीनं माखलेलं डोकं. वहिनी. ती घरी थांबली नव्हती. ती शिडीचा शेवटचा दांडा ओलांडून सरळ शटरिंगवर आली आणि सळयांच्या जाळीत, तुळईच्या रेषेवर, पाय रोवून उभी राहिली. सगळ्यांची कामं थांबली. गाड्यांची पोटं तेवढी फिरत होती.

"सतरा फळ्या," ती म्हणाली. "खालून खडूनं खुणा केल्यात. काल पाणी मारलं ना, रात्रीतून फुगल्यात. दोन फळ्यांचे थर उघडे पडलेत. वर माल पडला तर टिकणार नाहीत."

"आधी खाली उतर!" मुकादम धावत आला. "कुणी सोडली हिला आत? उतर म्हणतो ना!"

आई रॅम्प चढून धापा टाकत वर आली होती. तिचा आवाज फाटला. "अगं अवदसे, माझा एक गिळलास, आता दुसऱ्यावर उठलीस का? उतर! तुझ्या पाया पडते, उतर!"

वहिनी हलली नाही. "आई, आज मी उतरणार नाही. इतकी वर्षं उतरले. फाटकाबाहेर बसले. माझे पाय पांढरे म्हणा नाहीतर काळे म्हणा, फळीला डोळे नसतात. तिला फक्त वजन कळतं. ह्या छताखाली उद्या पोरं बसणार आहेत. आणि आत्ता ह्या छतावर भाऊजी उभे आहेत. खाली जाऊन एकदा बघा, मग मला काय ते बोला."

"बघायचं काय त्यात?" मुकादम खेकसला. "माल गाडीत आळायला लागलाय! गेल्या वेळी चढली होतीस तेव्हा काय झालं, विसरलीस का? अर्ध्या तासात नवरा गेला!"

लोक कुजबुजले. ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कामावर, ती डबा घेऊन आली होती, नवऱ्याला हाक मारायला शटरिंगवर चढली होती आणि उतरून गेली होती. त्यानंतर अर्ध्या तासात कोपऱ्यातली फळी मोडली आणि काँक्रीट दाबून बसवायचा व्हायब्रेटर धरून उभा असलेला थोरला दोन मजले खाली सळयांवर पडला. ती चढली आणि तो पडला. याहून सोपा हिशोब कोणता?

 धाकट्याला पळून जावंसं वाटत होतं. रॅम्पवरून खाली, फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे, कुठंही. पाय मात्र उलट दिशेला चालू लागले. तो वहिनीपासून दोन हातांवर येऊन थांबला.

"गेल्या वेळी ती चढली म्हणून नाही मोडली," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा बोलावं लागलं. "गेल्या वेळी ती फळी मी लावली होती."

"धाकट्या, डोकं फिरलं का तुझं?" मुकादम म्हणाला. मात्र त्याचा आवाज उतरला होता.

"तुम्हीच होतात ना तेव्हा? तुम्हाला ठाऊक आहे." धाकटा आता आईकडे बघत होता. "दादानं ती फळी बाजूला काढून ठेवली होती. कड फुगली होती तिची. खडूनं फुली मारली होती. तो टेकू आणायला गेला आणि इकडे एक फळी कमी पडली. हे मुकादम म्हणाले, लाव रे, एका फळीनं काय होतंय. मी ओल्या हातानं फुली पुसली आणि लावली. दादा आला तेव्हा वर सळया बांधून झाल्या होत्या. त्यानं विचारलंही नाही. माझ्यावर भरवसा होता त्याचा."

आईनं रॅम्पचा कठडा धरला. "मग तू तेव्हा का नाही बोललास?"

"बोलणार होतो गं. संध्याकाळी बोलणार होतो. पण मी तोंड उघडायच्या आत तू वहिनीचं नाव घेतलंस, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. माझं काम झालं. मी नुसता गप्प बसलो. तीन वर्षं दुसरं काही केलंच नाही मी."

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. धाकट्याला वाटलं, ती हातोडी उगारेल. तशी तिनं उगारली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "रोज सकाळी माझ्या हातचा चहा घेत होतात, भाऊजी. माझी पोर दगडानं पाय घासत होती, तेही बघत होतात."

मग ती वळली आणि इंजिनीअर साहेबांना म्हणाली, "चला, दाखवते." हे साहेब ठेकेदाराचे नव्हते. शाळेनं नेमलेले वयस्कर गृहस्थ होते, आणि इतका वेळ हातात नकाशा धरून मागे उभे राहून सगळं ऐकत होते. ते तिच्या मागोमाग शिडी उतरले. त्यांच्यामागे धाकटा उतरला.

खाली दिवसाही अंधारल्यासारखं होतं. वहिनीनं पहिली खूण दाखवली. साहेबांनी पेचकस काढला आणि फळीच्या पोटाला टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढताना कुजट ओल्या लाकडाचा एक पापुद्रा त्याच्याबरोबर आला आणि आत सुटे झालेले थर दिसले. दुसऱ्या खुणेवर पेचकस लागलाही नाही, कडेचा लाल रंग नखानं निघाला आणि खालचे थर ओल्या पुठ्ठ्यासारखे लोंबू लागले. साहेब एकेक फळी बघत पुढे सरकत होते. सतरांपैकी पंधरा निकामी निघाल्या. दोन खणखणीत होत्या.

"ह्या दोन माझ्या चुकल्या," वहिनी म्हणाली. "वर सळयांचं ओझं आहे, त्यानं आवाज दबला असेल."

"चुकायचं तर असंच चुकावं, बाई," साहेब म्हणाले. वर येऊन त्यांनी एकाच वाक्यात काम थांबवलं. "गाड्या परत न्या. सळया सोडा. मी पुन्हा तपासल्याशिवाय इथं एक घमेलंही पडणार नाही."

मुकादमानं बरीच आदळआपट केली. गाड्या गेल्याच.

आई लाकडाच्या ओंडक्यावर बसली होती. घमेलं मांडीवर होतं. तिनं सुनेकडे पाहिलं आणि पदरात तोंड लपवलं. वहिनी तिच्यासमोरून गेली. थांबली नाही.

*

अशा गोष्टी गोड शेवटाच्या असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं नीट ऐकावं. वहिनीनं दिराला माफ केलं नाही. चार दिवसांत तिनं गल्लीच्या पलीकडच्या टोकाला एक खोली घेतली आणि मुलीला घेऊन तिकडे राहायला गेली. जाताना धाकटा ट्रंक उचलायला पुढे झाला. "राहू द्या, भाऊजी," एवढंच ती म्हणाली, आणि ट्रंक स्वतः डोक्यावर घेतली.

धाकट्यानं साहेबांसमोर बसून सगळं लिहून दिलं, जुन्या कामाचंही. फुली पुसली तो हात कोणाचा आणि "लाव" म्हणाली ती जीभ कोणाची, दोन्ही. तो कागद घेऊन तो स्वतः पोलीस ठाण्यात गेला. चौकशी सुरू झाली, मुकादमाला कामावरून काढलं. धाकट्यालाही मिस्त्रीपदावरून उतरवलं. तो पुन्हा साधा सुतार झाला. चौदा जणांतल्या निम्म्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. भावाला मारलं म्हणून नव्हे. सांगितलं म्हणून. आई घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. एका दुपारी ती उठली, नातीच्या शाळेच्या वाटेवर जाऊन उभी राहिली आणि पोर येताच रस्त्यातच खाली बसून तिनं तिचे पाय कुरवाळले. "आजी, लोक बघतायत," पोर लाजून म्हणाली. म्हातारी म्हणाली, "बघू देत."

वीस दिवसांनी तोच स्लॅब भरायचा ठरला. या वेळी ठेकेदार जातीनं आला, आणि सगळ्यांसमोर वहिनीला म्हणाला, "बाई, तुमच्या पायगुणानं वाचलो आम्ही. पहिलं घमेलं आज तुमच्याच हातून पडू दे. यापुढं प्रत्येक कामावर."

टाळ्या वाजल्या. वहिनी टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली.

"नको, साहेब. आज पायगुण चांगला म्हणाल, उद्या कुठं काही मोडलं की पुन्हा वाईट म्हणाल. पायांना गुणही नसतो आणि अवगुणही नसतो. मला घमेल्याचा मान नको. फळ्या तपासायचं काम द्या. मी नको म्हटलेली फळी वर चढणार नाही, असं लिहून द्या. आणि त्या फाटकाबाहेर अजून दोघीजणी बसल्यात, त्यांना आत घ्या. दोघींना विटांचं काम येतं. बसायला आलेल्या नाहीत त्या."

ठेकेदार जरा वेळ घुटमळला. साहेबांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. तेव्हा त्यानं लिहून दिलं.

धाकटा त्या वेळी खाली टेकू ठोकत होता. वरून मालाचा पहिला लोंढा पडल्याचा धप्प आवाज आला, तसं त्यानं डोळे मिटले. मग उघडले, आणि फळ्या न्याहाळल्या. ओरखड्यांनी भरलेल्या, रंग उडालेल्या, डागाळलेल्या. एकही लवली नव्हती.

पण त्याची बेचैनी गेली नाही. ती जायचीही नव्हती, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की ती घालवायची नसते, कामाला लावायची असते. आता तो ज्या ज्या साइटवर जातो, तिथं पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करतो. डबे उघडलेले असतात, कुणी पाण्याची बाटली फिरवत असतो. तो उभा राहतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, आणि सुरुवात करतो, "माझ्या भावाला मी मारलं. वहिनीवर ढकललं. कसं ते सांगतो."

लोक घास थांबवून बघत राहतात. काहीजण हसतात, काहीजण म्हणतात, वेडा आहे. तो काही गाळत नाही. खडूची फुली, ओला हात, आईनं घेतलेलं नाव, माना हलवणारी माणसं, सगळं सांगतो. कुठली फळी नुसती झिजलेली आणि कुठली आतून गेलेली, तेही सांगतो. शेवटी म्हणतो, "माणूस मेला की कुणाच्या तरी बायकोचं नाव घेणं लई सोपं असतं. कारण मग फळी उचलून बघावी लागत नाही. तुमच्यात कुणी गप्प बसला असेल तर त्यानं मला काही सांगू नये. जिथं सांगायचं तिथं सांगावं."

परवा एका नव्या कामावर त्यानं असंच सांगून संपवलं.  मागच्या रांगेत बसलेल्या एका सुतारानं अर्धा डबा तसाच बंद केला. तो उठला, कुणाकडेही न बघता शटरिंगकडे चालत गेला आणि शिडी चढू लागला. थोड्याच वेळात वरून एका फळीचे खिळे उपटल्याचा आवाज येऊ लागला.